निर्बंध नेमके काय अडवतो?

ट्रॉलरच्या, म्हणजे जाळे मागून ओढत नेणाऱ्या नौकेच्या, जाळ्याच्या शेवटी जी पिशवी असते, तिच्यात सगळी मासळी येऊन साठते, आणि कोणता मासा पकडला जाणार व कोणता सुटणार याचा निकाल बहुतांशी त्या पिशवीच्या आसावर लागतो. आस म्हणजे जाळ्याचे एक भोक. नेहमीच्या विणीत हा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा, म्हणजे तिरका असतो. जाळे ओढले जाऊ लागले आणि मासळीचा भार वाढला की दोरे ताणले जातात, आस लांबट होत मिटत जातो, आणि किनाऱ्यावर मोजपट्टी लावून ४० मिलिमीटर भरलेले भोक पाण्यात केवळ एका फटीएवढे उरते. पिल्ले त्यातून निसटू शकत नाहीत. चौकोनी आसाच्या जाळ्यात मात्र दोऱ्यांची एक रांग ओढण्याच्या दिशेने सरळ जाते आणि दुसरी तिला आडवी असते. ताण सरळ रांगेवर येतो आणि भोक उघडे राहते. म्हणूनच महाराष्ट्रात ट्रॉल जाळ्याच्या पिशवीसाठी नुसत्या ४० मिलिमीटरच्या आसाचा नव्हे, तर ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाचा नियम आहे.

माप तेच असूनही दोन विणींमुळे दोन वेगळे निर्बंध तयार होतात, ही बाब या विषयाच्या मुळाशी आहे. एखादी गोष्ट 'निर्बंधक' आहे असे आपण मासेमारीत म्हणतो, कायद्यात म्हणतो, जमिनीच्या व्यवहारात म्हणतो आणि फुप्फुसाच्या तपासणीच्या अहवालातही ते वाचतो. प्रत्येक ठिकाणी कल्पनेचा सांगाडा एकच असतो: जे शक्य होते त्याचा एक मोठा पट, त्यावर पडलेली एक रेषा, आणि त्या रेषेमुळे बाहेर राहिलेला भाग. मात्र ती रेषा कोणी आखली, कशासाठी आखली, किंवा ती कोणी न आखता आपोआप पडली का, याचे उत्तर क्षेत्रागणिक बदलते. निर्बंध कडक आहे की सैल एवढेच विचारणे म्हणूनच अपुरे ठरते. तो नेमके काय अडवतो आणि काय मोकळे ठेवतो हे आधी पाहिले पाहिजे, आणि हे पाहण्यासाठी कोकण किनारपट्टीइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल, कारण येथे निर्बंधाचे बहुतेक सगळे प्रकार एकाच गावात नांदतात.

मासेमारीपासूनच पाहू. आसाचा नियम हा आकारावरचा निर्बंध झाला. पावसाळी बंदी हा काळावरचा निर्बंध आहे: पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात जाता येत नाही, तर पूर्व किनाऱ्यावर हाच काळ १५ एप्रिल ते १४ जून असा आहे. तारखांमधला हा फरक दोन किनाऱ्यांचे हवामान आणि तिथल्या मासळीचा प्रजननकाळ लक्षात घेऊन ठेवलेला आहे. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करूनच होड्या पाण्यात लोटण्याची कोळी समाजाची रीत कायद्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे आणि तिच्यामागेही खवळलेल्या समुद्राचा अनुभव आहेच. तिसरा निर्बंध जागेवरचा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर राज्याचा अधिकार चालतो आणि त्यापलीकडे केंद्राचा, त्यामुळे एकाच जाळ्याला एका रेषेच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा लागू होऊ शकतो. चौथा पद्धतीवरचा: प्रखर एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करून ती उचलण्यावर केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, आणि मासळीच्या थव्याला वेढून तळाशी आवळल्या जाणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्राने २०१६ मध्ये काळाची व क्षेत्राची मर्यादा आणली. या सगळ्यांचा पाया असलेला राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्यात दंडाच्या बाबतीत मोठी सुधारणा झाली. २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवली गेली, ती यासाठी की माशाला निदान एकदा अंडी घालण्याची संधी मिळावी.

यातले काही निर्बंध प्रत्यक्षात परस्परांना पूरक आहेत आणि काही एकटे असताना दुबळे ठरतात. किमान लांबीचा नियम जाळे वर आल्यानंतर लागू होतो. तोपर्यंत लहान पापलेट मेलेले असते आणि ते परत पाण्यात टाकून समुद्राला काही मिळत नाही. त्याला अर्थ येतो तो चौकोनी आसामुळे, कारण आस माशाला पाण्यातच सोडून देतो. माझ्या मते किनाऱ्यावरच्या चर्चेत ही गोष्ट फार मागे पडते. दंड किती आणि कारवाई कोणावर यावर बैठका होतात, पण विणीवर बोलले जात नाही.

निर्बंधाचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते हाही त्याच्या स्वरूपाचाच भाग आहे. पावसाळी बंदीतून बिगरयांत्रिक पारंपरिक नौका वगळलेल्या आहेत, आणि ही सूट विचारपूर्वक दिलेली आहे. खाडीच्या तोंडाशी वल्ह्याच्या होडीतून मासे धरणारा माणूस मत्स्यसाठा संपवत नाही. पण मधल्या थरात, म्हणजे छोटे यंत्र बसवलेल्या होडीचा मालक आणि त्याच्याकडचे खलाशी यांच्यावर, ही दोन महिन्यांची बंदी मोठ्या पर्ससीन नौकेच्या मालकापेक्षा कितीतरी जड पडते. बंदीच्या व मंदीच्या काळासाठी बचत व साहाय्याची जी योजना आहे, तिच्यात मच्छीमाराचे स्वतःचे १,५०० आणि शासनाचे ३,००० मिळून ४,५०० रुपये होतात. तीन महिन्यांच्या घरखर्चासमोर ही रक्कम किती तोकडी आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही. निर्बंध योग्य असू शकतो आणि तरीही त्याचे ओझे अन्यायाने वाटलेले असू शकते. या दोन बाबी वेगळ्या ठेवूनच पाहाव्या लागतात.

नेमक्या याच प्रश्नावर भारतीय राज्यघटनेने एक कसोटी दिली आहे. अनुच्छेद १९ नागरिकांना भाषण, संचार, व्यवसाय इत्यादी स्वातंत्र्ये देतो आणि लगेच पुढच्या खंडांत त्या स्वातंत्र्यांवर शासनाला 'वाजवी निर्बंध' घालू देतो. सगळे वजन 'वाजवी' या शब्दावर आहे. तो शब्द सर्वोच्च न्यायालयाने घटना अमलात आल्याच्या पहिल्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १९५० रोजी, चिंतामण राव विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात तपासला. मध्य प्रांतातल्या १९४८ च्या एका कायद्यानुसार सागर जिल्ह्यातल्या काही गावांत शेतीच्या हंगामात विड्या वळण्यास पूर्ण मनाई करण्यात आली होती. हेतू वाईट नव्हता: हंगामात शेताला मजूर मिळावेत आणि अन्नधान्याचे उत्पादन वाढावे. न्यायालयाने हेतूवर बोट ठेवले नाही. त्याने विचारले की या आदेशामुळे नेमके कोण अडवले जात आहे. उत्तर असे निघाले की शेतात राबू न शकणारे वृद्ध, अपंग, मुले, घरबसल्या चार पैसे मिळवणाऱ्या स्त्रिया, अशा सगळ्यांचेच काम बंद झाले होते, आणि त्यांना अडवून शेताला एकही मजूर जास्तीचा मिळणार नव्हता. शेतमजुरांपुरती मनाई करून किंवा विड्या वळण्याचे तास ठरवून देऊनही तोच हेतू साधता आला असता. गरजेपेक्षा रुंद जाळे टाकले म्हणून तो निर्बंध घटनाबाह्य ठरला.

पुढे हीच विचारपद्धती अधिक बांधेसूद झाली आणि २०१६ च्या मॉडर्न डेंटल कॉलेज खटल्यापासून न्यायालय ती प्रमाणबद्धतेच्या कसोटीच्या रूपात वापरते: हेतू योग्य हवा, उपायाचा हेतूशी खरा संबंध हवा, कमी जाचक पर्याय उपलब्ध नसावा, आणि साधलेला लाभ व गमावलेले स्वातंत्र्य यांत तोल हवा. ही कसोटी मच्छीमारांच्या सभेतही जशीच्या तशी वापरता येण्यासारखी आहे. 'बंदी नको' आणि 'बंदी हवी' या दोन टोकांऐवजी, ही बंदी जे वाचवायचे आहे ते खरोखर वाचवते का आणि वाटेत कोणाला विनाकारण थांबवते का, असे विचारता येते. करारांच्या बाबतीत आपला कायदा याहून सोपा आणि कठोर आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणाला कायदेशीर धंदा वा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्य ठरतो. धंद्याचा नावलौकिक विकणाऱ्यावरची मर्यादा हा त्यातला मुख्य अपवाद. म्हणजे काजू कारखान्याने नोकरी सोडून जाणाऱ्या कारागिराकडून 'पुढे कुठल्याही काजू कारखान्यात काम करणार नाही' असे लिहून घेतले, तरी सर्वसाधारणपणे त्या लिखाणाला न्यायालयात बळ नसते.

नियमाचे जाळे किती रुंद हे पुष्कळदा वाक्याच्या रचनेवरच ठरते, आणि येथे व्याकरणातला निर्बंध भेटतो. 'ज्या नौकांचा परवाना संपला आहे त्या नौका बंदरात थांबतील' या वाक्यातला 'ज्या' पासूनचा भाग नौकांच्या सगळ्या समूहातून काही नौका वेगळ्या काढतो. परवाना चालू असलेल्यांना ते वाक्य लागू नाही. 'बंदरातल्या नौका, ज्यांचा परवाना ३१ मे रोजी संपतो, जूनमध्ये थांबतील' असे लिहिले तर मधला तुकडा केवळ जादा माहिती देतो आणि आदेश सर्व नौकांना लागतो. व्याकरणकार पहिल्या प्रकाराला निर्बंधक उपवाक्य मानतात. सूचना लिहिणाऱ्याने हा फरक पाळला नाही, तर भांडण वाचणाऱ्यांच्या वाट्याला येते.

आतापर्यंतचे निर्बंध कोणीतरी घातलेले होते. वैद्यकातला निर्बंध कोणी घातलेला नसतो. तो शरीरात घडून येतो. दम लागतो म्हणून माणूस तपासणीला जातो तेव्हा स्पायरोमेट्री करतात: नाकाला चिमटा लावून, छाती पूर्ण भरेपर्यंत श्वास घेऊन, नळीत जोराने आणि शेवटपर्यंत फुंकायचे. यंत्र दोन आकडे देते, एक म्हणजे एकूण किती हवा बाहेर आली आणि दुसरा म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात किती आली. समजा एखाद्याची अपेक्षित क्षमता साडेतीन लिटर आहे. त्याने एकूण ३.२ लिटर फुंकले पण पहिल्या सेकंदात फक्त १.६ लिटर आले, तर निम्मीच हवा वेळेत निघाली. येथे श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत. दमा किंवा विडी आणि चुलीच्या धुराने होणारा दीर्घकालीन आजार असा दिसतो, आणि त्याला अवरोधक आजार म्हणतात. दुसऱ्याने एकूण २.१ लिटरच फुंकले, पण त्यातले १.८ लिटर पहिल्याच सेकंदात आले. त्याच्या नलिका मोकळ्या आहेत, हवा झपाट्याने निघते, पण मुळात आत शिरलेली हवाच कमी होती. फुप्फुस ताठर होऊन फुगत नाही, किंवा पाठीचा कणा वाकल्यामुळे, स्नायू दुबळे झाल्यामुळे वा अतिलठ्ठपणामुळे छातीला पसरायला जागा उरलेली नाही. हा निर्बंधक आजाराचा नमुना. खात्रीसाठी पुढे फुप्फुसाची एकूण क्षमता मोजावी लागते, कारण नुसत्या फुंकरीवरून ती कळत नाही.

दोन्ही माणसांना दम सारखाच लागतो, पण एकात अडथळा बाहेर पडण्याच्या वाटेवर आहे आणि दुसऱ्यात मर्यादा भरण्यावर आहे. श्वासनलिका रुंदावणारे पंपातले औषध पहिल्याला आराम देते. दुसऱ्याला केवळ त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि मूळ कारण शोधावे लागते. म्हणूनच अहवालात 'रिस्ट्रिक्टिव्ह' हा शब्द दिसला तर घरात पडून असलेला शेजाऱ्याचा पंप वापरून पाहू नये. हृदयाच्या बाबतीतही हीच कल्पना लागू पडते. निर्बंधक हृद्स्नायुविकारात हृदयाची भिंत ताठर होते आणि दोन ठोक्यांच्या मधे ती सैल पडून पुरेसे रक्त भरून घेऊ शकत नाही. रक्त ढकलण्याची ताकद सुरुवातीला जवळजवळ शाबूत असते. त्यामुळे इकोच्या अहवालातला नेहमी पाहिला जाणारा इजेक्शन फ्रॅक्शनचा, म्हणजे भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर ढकलले जाते याचा, आकडा चांगला असूनही माणसाच्या पायांवर सूज आणि चालताना धाप असू शकते.

गणितात निर्बंध मुद्दाम पत्करला जातो, आणि त्यातून नवे काहीतरी शक्य होते. किनाऱ्यावरच्या माणसाला भरतीची वेळ तिथीवरून काढता येते: तिथीला पाऊणने गुणले की ढोबळ वेळ मिळते, चतुर्थीला तीनच्या सुमारास. वेळ दिली तर पाण्याची उंची सांगता येते, कारण एका क्षणी पाणी एकाच उंचीवर असते. उलट प्रश्न मात्र फसतो. धक्क्याच्या अमुक पायरीला पाणी किती वाजता लागले असे विचारले, तर साधारण दिवसभरात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येत असल्यामुळे चार उत्तरे निघतात. आपण विचार 'सकाळी पाणी चढत असतानाच्या' तासांपुरता मर्यादित केला की उत्तर एकच उरते. गणितज्ञ याला फलनाच्या (फंक्शनच्या) प्रांतावरचा, म्हणजे त्यात घालता येणाऱ्या मूल्यांवरचा, निर्बंध म्हणतात. नऊचे वर्गमूळ विचारल्यावर आपण उणे तीन न म्हणता तीन म्हणतो, त्यामागेही हाच संकेत आहे. उलटा प्रश्न सोडवता यावा म्हणून येथे पटाचा काही भाग आपण होऊन सोडून दिलेला असतो, आणि जे सोडले त्याने कोणाचेही नुकसान होत नाही.

जीवशास्त्रातला निर्बंध थोडक्यात सांगतो. काही जिवाणूंमध्ये विषाणूची वाढ रोखली जाते असे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दिसून आले आणि या घटनेलाच निर्बंध हे नाव पडले. पुढे कळले की हे जिवाणू आपल्या विकरांनी (एन्झाइमांनी) परक्या डीएनएचे ठरावीक ठिकाणी तुकडे करतात. जसे इकोआर-वन हे विकर जी-ए-ए-टी-टी-सी हा क्रम जिथे दिसेल तिथेच कापते. जिवाणूच्या स्वतःच्या डीएनएतही हा क्रम असतो, पण तिथे रासायनिक खूण करून ठेवलेली असल्याने तो वाचतो. वेर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना या कामासाठी १९७८ चे नोबेल मिळाले. या अचूक कापणीच्या बळावरच जनुकांची जोडणी आणि जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेणे शक्य झाले.

कोकणातल्या घराघरांत या विषयाची सर्वाधिक झळ पोहोचते ती मात्र जमिनीच्या कागदावर. सातबारा उताऱ्यावर भोगवटादाराच्या नावाजवळ वर्ग लिहिलेला असतो. 'वर्ग १' म्हणजे हस्तांतराचा सर्वसाधारण अधिकार. 'वर्ग २' म्हणजे शासनाने दिलेली किंवा शर्तीने धारण केलेली, परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. याखेरीज 'इतर अधिकार' या रकान्यात कूळ कायद्याच्या कलम ४३ ची नोंद पुष्कळांना दिसते. तिचा इतिहास असा: १९४९ च्या कायद्याने खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनदारी, रद्द झाली, आणि १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यातील पुढच्या सुधारणांनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. किंमत ठरून ती फेडली की कलम ३२-म खालचे खरेदीचे प्रमाणपत्र मिळते. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसलेल्या माणसाच्या हातात आलेली जमीन सावकार किंवा जुना मालक लगेच काढून घेईल, ही भीती खरी होती, म्हणून कलम ४३ ने अशा जमिनीच्या विक्री, गहाण, बक्षीस इत्यादींवर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट घातली. हा निर्बंध दुबळ्याच्या बाजूने आखलेला होता आणि त्याने कोकणात अनेक घरांची जमीन टिकवली, असे मी ठामपणे म्हणेन. काळ बदलल्यावर तोच निर्बंध त्याच घरांना बँकेचे कर्ज आणि मुलांच्या शिक्षणासाठी विक्री यांत आडवा येऊ लागला, तेव्हा २०१४ मध्ये तो सैल केला गेला: प्रमाणपत्रानंतर दहा वर्षे झाली असतील तर आकारणीच्या (जमिनीच्या शेतसाऱ्याच्या) चाळीस पट रक्कम भरून, पूर्वपरवानगीशिवाय विक्री करता येते.

मात्र ही रक्कम भरली म्हणजे जमीन सर्व बाजूंनी मोकळी झाली असे समजणाऱ्यांची पुढे अडचण होते. कलम ४३ विकणाऱ्याच्या हक्कावर आहे. त्याच कायद्याचे कलम ६३ घेणाऱ्यावर आहे: जो शेतकरी नाही, त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, विकणाऱ्याने कितीही पैसे भरले तरी. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडण्यास रोखणारा १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा माणसांकडे न पाहता जमिनीच्या क्षेत्राकडे पाहतो. आणि किनारा नियमन क्षेत्राचा (सीआरझेड) निर्बंध या तिघांपेक्षा निराळा आहे, कारण तो समुद्राच्या जागेवरून मोजला जातो. २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर, २०११ च्या जनगणनेनुसार लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, अन्यथा २०० मीटर पट्टा नव्या बांधकामासाठी वर्ज्य ठेवला आहे. ही रेषा सातबारावर सापडत नाही. ती किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर आखलेली असते, आणि आपला सर्व्हे क्रमांक त्या नकाशावर कुठे पडतो हे मोजणीच्या नकाशाशी ताडून पाहावे लागते.